उभ्या पेटीचे टायर

प्रभाकररावांचा अंगठा टायरात गेला. ते वाकले होते दसऱ्याची वाळलेली झेंडूची माळ काढायला. माळेचा दोरा चाकाच्या नटाला अडकला होता, म्हणून आधाराला हात टायरच्या बाजूवर टेकवला, आणि अंगठा नखाच्या मुळापर्यंत आत. बाहेर काढला तेव्हा नखात काळी पूड होती, आणि वास आला तो रबराचा नव्हे, डिझेलचा. त्यांनी चोरून इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाईकासमोर कापडाचा ताका उलगडावा आणि मधोमध कसर लागलेली निघावी, तेव्हा दुकानदार पाहतो तसं. शेडमध्ये कोणी नव्हतं. एप्रिलचं सकाळचं ऊन वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या घराच्या त्या टिनाच्या शेडमध्ये तिरपं शिरलं होतं, आणि ज्या बाजूला ते रोज पडायचं त्या बाजूची दोन्ही चाकं, आता नीट पाहिल्यावर, बारीक भेगांनी भरलेली दिसली. वरची नक्षी मात्र कोरी. कोणालाही दाखवा, म्हणेल, शेठ, टायर तर नवेच हायेत. इतकी वर्षं प्रभाकरराव स्वतःला हेच म्हणत आले होते, आणि स्वतःसारखं सोपं गिऱ्हाईक त्यांना दुसरं मिळालं नव्हतं.

पेटी म्हणजे बंद ट्रेलर. चार चाकांचा, चारी बाजूंनी पत्रा मारलेला, मागची अख्खी भिंत फळी होऊन खाली उतरणारा. कागदावर ट्रेलर, पण सगळे म्हणायचे पेटी. त्यांनी आणि रूपरावनं मिळून ती करून घेतली, कारण आत जी गाडी जायची तिला छत नव्हतं. जुन्या अँबेसेडरचं छत कापून काढलेलं, रंग पांढरा, गाद्या लाल. वरातीची गाडी. ती रस्त्यानं चालवत नेली की गावी पोचेपर्यंत नवरदेवाच्या आधी गाडीलाच हळद लागल्यासारखी दिसायची, इतकी धूळ. म्हणून पेटी. मांडवाजवळ पेटी उभी राहायची, फळी खाली यायची, नारळ फुटायचा, आणि आतून ती पांढरी गाडी निघाली की सगळ्या मांडवाचं तोंड तिकडे. लोक भाडं गाडीचं देत नाहीत, फळी पडण्याचं देतात, हे प्रभाकररावांनी पहिल्याच मोसमात ओळखलं होतं. आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेल्या माणसाला घडीतल्या लुगड्याची किंमत कळते. घडी जितकी घट्ट, तितकं उलगडणं महाग.

रूपराव समुद्रपूरचा. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, मग मित्र, मग भागीदार. कापसाची वेचणी संपली की उन्हाळ्यात रान मोकळं आणि रूपराव मोकळा. जीप तो चालवायचा, पेटी मागे, आणि प्रभाकरराव बाजूला बसून पुढच्या गावात कोण किती ऐटीत आहे याचा अंदाज सांगायचे. रूपराव ऐकायचा आणि हसायचा. मात्र गाडी थांबली की, चहासाठी असो की फाटकासाठी, तो आधी खाली उतरायचा आणि चारही टायरांवर, चाकांच्या मधल्या भागावर, एकेक करून तळवा ठेवायचा. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. चारही सारखे गरम असले की ठीक. एखादा जास्त तापला की काहीतरी बिघडलंय. त्याला फक्त एक गोष्ट पटायची नाही. लग्नाआधी प्रभाकरराव फडकं डिझेलमध्ये बुडवून, काळं पॉलिश मिसळून, टायर घासायचे. असे चमकायचे की मांडवातले दिवे त्यात दिसावे. "शेठ, रबराले डिझेल पाजू नका," रूपराव म्हणायचा, "खाऊन टाकते ते." "दिसलं पाह्यजे रूपराव. लग्न दिसण्यावर चालते." "लग्न दिसण्यावर, पण पेटी टायरावर चालते नं." यावर प्रभाकरराव हसून आणखी एक हात मारायचे. पेटी उभी राहिली, धंदा गेला, रूपरावचं येणं सुटलं, तरी दर दसऱ्याला त्यांनी पेटीची पूजा चुकवली नाही. हळद, कुंकू, झेंडू, आणि टायरांना डिझेलचा हात. जपणूकच ती. जी गोष्ट आपण सोडून दिलेली नाही असं स्वतःला दाखवायचं असतं, तिला माणूस असाच वर्षातून एकदा चकाकून ठेवतो.

हात धुवायला ते आत आले. प्रमिलाबाई ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या.

"हात काऊन काळा?"

"टायर गेले."

"कुठं गेले? पेटी तं इथंच हाय."

"बसून बसून गेले म्हणतो."

"मंग संभाळा. बसून तं तुमीबी हाय."

त्यांनी हसायला हवं होतं, एरवी हसलेही असते. पण बोलणं कुठे वळणार हे त्यांना दिसत होतं, आणि ते वळलंच. आदल्या दिवशी फोनवर एक फोटो आला होता. रूपरावच्या पोरानं, रोशननं, पाठवलेला. त्याच्या बहिणीच्या, अंकिताच्या लग्नाची पत्रिका. खाली दोन जोडलेले हात.

"अंकिताच्या लग्नाले जायचं का नाई?"

"फोटोवर कोणी लग्नाले जाते का? ना अक्षत, ना कुंकू, ना माणूस दारात. यायची बारी त्याची होती. त्यानं याले पाह्यजे होतं."

प्रमिलाबाईंनी कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला केल्या. "तुमच्या आन रूपरावभाऊच्या बाऱ्याहिचा हिशोब कोण लिवते? चित्रगुप्त?" आणि मग, मान वर न करता, "रूपरावभाऊची आनंदाबाई इथं वर्ध्यात होती, दवाखान्यात, तवा कोणाची बारी होती?"

ते परत शेडमध्ये आले. पेटीच्या सावलीत एक जुनी खुर्ची होती, तिच्यावर बसले. हिशोब त्यांना पाठ होता आणि दर वेळी तो बरोबर जुळायचा, हीच त्यातली खोड होती. कोरोनाची दुसरी लाट होती. लग्नं चार माणसांत उरकत होती, पेटीला कोणी विचारत नव्हतं, रूपराव आपल्या रानात, हे दुकानाचं शटर पाडून घरात. एका दुपारी रूपरावचा फोन आला. "शेठ, वर्ध्यातच हाय मी. आनंदाले आणलं." बायकोबद्दल इतकंच. प्रभाकररावांनी विचारलं ते सगळं योग्य विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "काही लागलं तं सांगजो." रूपराव म्हणाला, "हो." तो सांगणार नाही हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. दुकानात सुद्धा रूपराव कधी ताका काढायला लावायचा नाही, समोर असेल त्यातलंच घ्यायचा. काही लागलं तर सांग, हे वाक्य अशा माणसाला म्हणायचं म्हणजे देणं नाकारल्याचा ठपका न घेता हात आखडून घेणं. प्रमिलाबाईंनी खिचडीचा डबा भरला होता. आत कोणाला सोडत नव्हते, हे खरं. पण दवाखान्याच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, रूपराव बसून होता, हेही तितकंच खरं, आणि फाटकापर्यंत जायला कोणाची परवानगी लागत नव्हती. "दोन दिवस जाऊ दे, मंग जाऊ," प्रभाकरराव म्हणाले. डबा ओट्यावर निवला. दोन दिवसांनी जायला आनंदाबाई नव्हती.

मग फोन केला. मग तेरवीला बंदी होती. मग बंदी उठली, तेव्हा वाटलं, आता जाणं म्हणजे बसलेली खपली काढणं. असं करता करता न जाण्याला एक वय आलं, आणि एका वयानंतर कोणत्याही गोष्टीला मान मिळतोच, तसा त्याला मिळाला. पुढे मुलाचं, स्वप्निलचं, लग्न पुण्यात झालं. रूपरावला पत्रिका पाठवली. फोनवर, फोटो. खाली जोडलेले हात. तो आला नाही. त्या दिवशी प्रभाकररावांच्या मनात काहीतरी हलकं झालं, आणि ते दुःख नव्हतं. जमा झाल्यासारखं काहीतरी होतं. चला, आता चुकलं ते त्याचं. पुढच्या दसऱ्याला तो सोनं द्यायला आला नाही, वयानं लहान असून. तेही त्याच्याच नावावर. दर दसऱ्याला एकेक जमा होत गेलं. पेटी उन्हात, आणि ते अंगणात आपट्याची पानं घेऊन उभे, फाटकाकडे पाहत. दुसऱ्याचा दोष वसूल करायला न जाता नुसता साठवत राहण्याची चैन सुखवस्तू माणसालाच परवडते. रोशननं पाठवलेला फोटो त्या हिशोबात अर्धाच धरला जाणार होता. आपण पाठवलेला फोटो किती धरला होता, हे ते या खुर्चीवर बसून पहिल्यांदाच मोजत होते.

आणि या सगळ्या येण्याजाण्यात न बसणारी एक गोष्ट होती. एकदा समुद्रपूरला, रूपरावच्या अंगणात, लग्नाहून परतताना गाडी पेटीतून काढून धुतली होती. आनंदाबाई शिदोरीचं गाठोडं घेऊन आली, लाल गादीवरचं पाणी तिनं पदरानं पुसलं, आणि तशीच उभी राहिली. "बसा की आनंदाबाई, एक चक्कर मारून आणतो रूपराव." "आता नाई शेठ. मी अंकिताच्या लग्नात बसीन. पोरीच्या बाजूले. तवा गाडी दुसरीकडे देजा नोका." "हे काय बोलणं झालं? घरची गाडी हाय," ते म्हणाले होते. तोंडभरून म्हणाले होते, कारण अंकिता तेव्हा शाळेत होती आणि दूरच्या तारखेचा शब्द द्यायला काही लागत नाही. त्या शब्दात बारी नव्हती. तिनं काही आणून द्यायचं नव्हतं, यांनी वाट पाहायची नव्हती. तारीख आली की गाडी उभी करायची, इतकंच. आणि तारीख आली होती.

दुसऱ्या दिवशी ते नागपूर रोडवरच्या टायरच्या दुकानात गेले, एक जुनं चाक आणि स्टेपनी जीपमध्ये टाकून. दुकान बापाचं, पण गल्ल्यावर मुलगी, सुरभी. ती फोनवर कोणाला तरी "हो गया ना भैया, भेज दिया" म्हणत होती, तोवर तिनं चाकाचं माप पाहून एक टायर पुढे केला.

"हे घ्या काका. कारचा हाय, माप तेच. स्वस्तात होऊन जाईन."

"कारचा नाई चालत."

"काऊन? चाक तं चाक."

"कारच्या टायरची बाजू नरम राह्यते, आतल्या माणसाले दचके बसू नये म्हणून. पेटीत कोण बसते दचके खायले? पेटी वळणावर डोलते, नरम टायर कमरेत वाकते, तापते, आन फुटते. ओढल्या जाणाऱ्या गाडीचा टायर वेगळा राह्यते. बाजू कडक पाह्यजे, वजनाचा आकडा मोठा पाह्यजे, आन हवा पुरी भरा लागते, त्याच्यावर लिवली असते तेवढी."

सुरभीनं फोन खाली ठेवला. "तुमी दुकानच टाका काका. कोणी सांगतलं हे सारं?"

"होता एक," प्रभाकरराव म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दाला दचकले. "हाय. समुद्रपूरले हाय."

त्यांना खरं तर दोनच टायर घ्यायचे होते. उन्हाकडचे दोन गेले, सावलीकडचे दोन आणखी एक मोसम काढतील, असा व्यापारी हिशोब घरून निघतानाच झाला होता. सुरभी हसली. "दोन जवान आन दोन म्हातारे? मंग सारा भार जवानाहिवरच. आन म्हातारे फुटले का फुटता फुटता पेटीचा पत्राबी फाडतीन." तिनं स्टेपनी आडवी केली. ती पेटीच्या मागे टांगलेली असायची, ऊनपाऊस खात. एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती. चौघांपेक्षा तिच्याच भेगा खोल होत्या. "हे तं जमिनीले लागलीबी नाई नं काका," सुरभी म्हणाली, आणि बाजूवरचे बारीक आकडे बोटानं दाखवले, टायर कोणत्या वर्षाचा ते सांगणारे. "रबराले का, चालवा का नोका चालवू, वय तं होतेच." मग तिनं बोट नाकाशी नेलं. "डिझेल लावता?"

"चमक येते," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला.

चारही नवे घेतले, पाचवी स्टेपनी. प्रत्येकाचा आकडा त्यांनी चष्मा लावून पाहिला. दुकानात उभा राहून म्हातारा झालेला टायर त्यांना नको होता. घरी शेडमध्ये चाकं चढली तेव्हा पेटी थोडी उंच दिसायला लागली. नव्या रबराला बारीक केस होते, साळिंदराच्या पिलासारखे. सवयीनं त्यांचा हात फडताळावरच्या डिझेलच्या बाटलीकडे गेला. बाटली उचलून त्यांनी ती बाहेर नालीत ओतली, आणि मग उगाच वाईट वाटलं, डिझेलचं.

लग्नाच्या सकाळी प्रमिलाबाई बाजूला येऊन बसल्या, मांडीवर पाण्याची बाटली आणि आहेराची पिशवी. जाऊ या, असं कोणी कोणाला म्हणालं नव्हतं. हिंगणघाट मागे पडल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि पेटीच्या चारही टायरांवर तळवा ठेवत फिरले. चारही सारखे कोमट. जीपमधून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "काय पाह्यता?"

"ताप."

"हाय का?"

"नाई."

ते परत चढून बसले. प्रमिलाबाई म्हणाल्या, "रूपरावभाऊसारखंच करता तुमी." पुढच्या रस्त्यावर प्रभाकरराव जितकं रस्त्याकडे पाहत होते तितकंच मनातल्या मनात दारातलं बोलणं जुळवत होते. फोटो मिळाला म्हणावं? की म्हणावं, आनंदाबाईला शब्द दिला होता? पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पुढे करणं म्हणजे जिवंत माणसाला टाळणंच. आणि आलो नाही त्याचं काय म्हणायचं? कापड विकताना त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते. कापड मध्ये असायचं.

समुद्रपूरला मांडवापाशी पोचले तेव्हा पहिली दिसली ती सजवलेली जीप. उघडी, झेंडू आणि चमकीनं भरलेली, बॉनेटवर नवरदेवाचं आणि अंकिताचं नाव. गाडी ठरलेली होती. अर्थातच ठरलेली होती. न येणाऱ्याच्या भरवशावर कोण लग्न काढतो? प्रभाकररावांनी ब्रेक दाबला आणि एक क्षण मनात आलं, फळी न उघडताच परत फिरावं. आहेर द्यावा, जेवावं, पेटी कशाला आणली म्हणून कोणी विचारलं तर म्हणावं, पुढे एका ठिकाणी जायचंय. हे खोटं इतकं चटकन तयार झालं की त्यांना स्वतःच्या हुशारीची शिसारी आली.

तोवर रूपराव मांडवातून बाहेर आला होता. केस सगळे पांढरे, सदरा खांद्यावर ढिला. त्यानं यांच्या जीपमध्ये पाहिलं, प्रमिलाबाईंना हात जोडले, प्रभाकररावांकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि सरळ मागे पेटीकडे गेला. प्रभाकरराव उतरून त्याच्या मागे. रूपराव पहिल्या टायराशी वाकला. अंगठा बाजूवर दाबला. मग तोच अंगठा नाकाशी नेला.

"डिझेल नाई लावलं."

"नाई."

"मंग टिकतीन."

तो उरलेल्या तीन चाकांवर तळवा ठेवून आला. प्रभाकरराव तिथंच उभे. जुळवून आणलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "उशीर झाला रूपराव," ते म्हणाले.

"लग्नाले टाइम हाय अजून," रूपराव म्हणाला. मग थोड्या वेळानं, दुसरीकडे पाहत, "मी त्या लिंबाखाली बसून राह्यलो होतो, शेठ. जो माणूस फाटकाकडे ये, मले वाटे तुमीच हाय." त्यात राग नव्हता. राग असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यानं वळून हाक मारली, "रोशन, नारळ आण बापू!"

फळी खाली आली. मांडवातली बायकापोरं धावली, तीच जुनी आरोळी उठली, आणि पांढरी गाडी मागे मागे उतरत उन्हात आली. अंकिता अर्ध्या वेणीनं दारात आली होती, हाताला हळद. ती गाडीकडे न पाहता मागच्या लाल गादीकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "बाबा, आई म्हणे..." पुढचं कोणालाच ऐकायचं नव्हतं. तिला देवदर्शनाला न्यायचं होतं. सजवलेली जीप आता नवरदेवाकडे जाईल, असं रोशननं आपणच ठरवून टाकलं. रूपराव प्रमिलाबाईंकडे वळला. "वहिनी, तुमी बसा पोरीच्या बाजूले. ते जागा रिकामी नाई जाले पाह्यजे." प्रमिलाबाईंनी बसण्याआधी गादी पदरानं पुसली. ती स्वच्छच होती. प्रभाकररावांनी मान फिरवली.

गाडी वाजतगाजत गेली. मांडव ओसरल्यासारखा झाला. दोघे पेटीच्या उतरलेल्या फळीवर बसले, मागे रिकामी पेटी, तिच्या पत्र्याची सावली अंगावर. रूपरावनं सुपारी कातरून अर्धी पुढे केली. दोघं लोकांच्या चपलांकडे पाहत होते.

"दसऱ्याले येतो शेठ," रूपराव म्हणाला. "सोनं घेऊन."

प्रभाकररावांच्या डोक्यात ते लगेच लिहिलंही गेलं: बारी रूपरावची. हात इतका सराईत होता. मग त्यांची नजर चाकाकडे गेली, नव्या रबराच्या त्या केसांकडे. दसरा पावसाळ्याच्या पलीकडे होता. तोवर पेटी शेडमध्ये, एका बाजूनं उन्हात.

"दसऱ्यापर्यंत नोको," ते म्हणाले. "उभे राह्यले का टायर जातात. मीच येतो पुढच्या महिन्यात. रिकामी पेटी घेऊन येतो, चाकं फिरून जातीन."

"येजा," रूपराव म्हणाला. "पण रिकामी काऊन?"

गाडी घालून आणायची, तर आता तिच्यात बसवायचं कोणाला? गाडीत बसायचं जिनं मागून घेतलं होतं तिची जागा आता उन्हातून वाजतगाजत चालली होती, प्रमिलाबाईंना घेऊन. दुसरं कोणी त्यांना आठवेना.  गुडघ्यावर हात टेकत रूपराव उठला, पेटीच्या कडेला गेला आणि मागच्या टायरावर तळवा ठेवून उभा राहिला. टायर केव्हाच निवले होते. त्यानं हात काढला नाही.